अकरा नंबरचे दोन ठोके

१

त्या शॉपिंग सेंटरात अठरा दुकानं होती. खाली नऊ आणि वर नऊ. अठराही शटरं पाडायचं काम एका माणसाचं होतं, आणि त्यांना सगळे मामा म्हणायचे. त्यांची सख्खी भाची तिथे एकही नव्हती, तरी तीस वर्षांत ते सगळ्या गल्लीचे मामा झाले होते. हातात आकडीची लांब काठी, खिशात ग्रीसचा डबा आणि अंगाला त्याच ग्रीसचा वास. बायको म्हणायची, "तुम्ही घरी आलात हे मला दार वाजायच्या आधी नाकाला कळतं."

मामांची एक पद्धत होती. शटर अर्ध्यावर आणायचं, काठीनं पट्टीवर दोन ठोके मारायचे आणि थांबायचं. आत कोणी असेल तर त्यानं ओरडायचं, "आहे हं!" मग मामा पुढच्या दुकानाकडे जायचे आणि परत फिरून यायचे. आतून काहीच आलं नाही की शटर खाली. पहिल्याच वर्षी शिंपीणबाई मापं लिहीत आत राहिल्या आणि मामांनी वरून शटर पाडलं, तेव्हापासून ही पद्धत पडली. बाई अर्ध्या तासात बाहेर आल्या, पण त्यांची जीभ पुढची दोन वर्षं बाहेरच होती.

दोन ठोक्यांची सवय मामांच्या हाडात मुरली. घरी ते न्हाणीघराच्या दारावर दोन ठोके मारायचे, कपाटावर मारायचे आणि एकदा तर जेवणाच्या डब्यावर मारले. बायको म्हणाली, "विचारा, विचारा. आमटी आहे का आत, ते विचारा." लेक लहान होती, तिनं टेबलाखालून ओरडून सांगितलं, "आहे हं!"

आता ही इमारत पडणार होती. नवीन, काचेची आणि सरकत्या जिन्याची बांधायची होती. दुकानं एकेक करून गेली. वर फक्त बारा नंबरचा न्हावी उरला होता आणि त्यालाही शनिवारी दुपारपर्यंत निघायचं होतं. दिवसा मजूर येऊन पाइप आणि वायरी काढायचे, संध्याकाळी सहाला मामा अठराही शटरं पाडायचे. शनिवारी दुपारी पिवळ्या टोपीच्या साहेबांसमोर एका कागदावर सही करायची होती, की सगळं पाहिलं, आत कोणी नाही. मामांची सही झाल्याशिवाय पाडायचं मशीन आत येणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला मामांची सही हवी होती. लग्नातही अंगठ्यावर भागलं होतं म्हणा.

२

सोमवारी निवृत्त मास्तर वही घेऊन आले. इमारत पडण्याआधी तिचा इतिहास एका छोट्या पुस्तकात छापायचा, असं गल्लीतल्या रहिवाशांनी ठरवलं होतं. मास्तरांनी चाळीस वर्षं मुलांना राजांच्या सनावळ्या घोकायला लावल्या होत्या. आता त्यांना पहिल्यांदाच असा इतिहास मिळाला होता, ज्यातला माणूस समोर बसून बिडी ओढत होता.

"एक नंबरपासून सुरू करा," मास्तर म्हणाले. "आणि थापा मारू नका. छापायचंय."

"थापा वगळल्या तर पुस्तक पानभराचं होईल, मास्तर."

मामा सांगत गेले. एक नंबरात आधी औषधं होती, मग औषधंच, पण दुप्पट भावानं. चार नंबरातल्या फोटोवाल्यानं निम्म्या गल्लीची लग्नं जमवली, कारण तो काळ्याला गोरं करायचा. सहा नंबरात आधी कॅसेटी, मग सीड्या, मग मोबाईलची कव्हरं. "गाणं बारीक होत होत गेलं," मामा म्हणाले, "आणि शेवटी नुसतं कव्हर उरलं."

मास्तरांनी तेही लिहून घेतलं. मग पेन थांबवून म्हणाले, "अकरा. घड्याळजी."

मामांनी बिडी विझवली, ती अर्धीच ओढून झाली होती.

घड्याळजी म्हणजे बुटके, एका डोळ्याला भिंग लावलेले आणि घरी कोणी नसलेले गृहस्थ. मामांच्या ठोक्यांना सगळे "आहे हं!" म्हणत, तर हे म्हणायचे, "अजून आहे!" आणि स्वतःच खुदकन हसायचे. बावीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी मामांनी अकराचं शटर उचललं, तेव्हा ते काउंटरवर डोकं ठेवून गेलेले होते. सोमवारी सगळं सेंटर बंद असे, म्हणजे रविवारपासून ते आतच होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. क्षणात गेले असतील, कळलंही नसेल.

"रविवारी तुम्हीच शटर पाडलंत ना?" मास्तरांनी विचारलं.

"मीच."

"ठोके मारले होते?"

"मारले की. दोन. आतून काही आलं नाही."

बावीस वर्षांत मामा हे पोलिसांना बोलले होते, बायकोला बोलले होते आणि स्वतःला तर रोजच बोलत आले होते. पण ते शाईत उतरताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. मास्तरांचं अक्षर फार सुंदर होतं.

३

मंगळवारी सहा वाजता मामा नेहमीसारखे वर गेले. दहा नंबर पाडलं. अकरा रिकामं होतं. घड्याळजींनंतर तिथे झेरॉक्सवाला आला, मग विमा एजंट आला, पण कोणी टिकलं नाही आणि गेली दोन वर्षं तर नुसती धूळ होती. तरी पद्धत म्हणजे पद्धत. मामांनी दोन ठोके मारले, थांबले आणि शटर पाडलं. मग बारा, जिथे न्हावी हात पुसत बाहेर आला, आणि मग तेरा. चौदाच्या पट्टीला त्यांनी आकडी लावली तेवढ्यात मागून आवाज आला.

"अजून आहे!"

मोठा नव्हता. आत बसलेला माणूस हातातलं काम न सोडता ओरडतो, तसा होता.

मामा मागे फिरले आणि अकराचं शटर उचललं. आत चार भिंती, छताला लटकणारी एक वायर आणि फरशीवर अखंड धूळ. धुळीत मामांच्या स्वतःच्याही पावलाची खूण नव्हती. रिकामी इमारत म्हणजे रिकामं पिंप, असा त्यांनी विचार केला. खाली कोणी मजूर कोणाला काही बोलला असेल आणि ते घुमलं असेल. बोलला असेल, "अजून आहे." पाइप अजून आहे, वायर अजून आहे. या दोन शब्दांवर काय घड्याळजींचा ठेका आहे?

बुधवारी मामा तेराजवळ पोचले होते, तेव्हा आवाज आला.

त्यांनी यावेळी शटर उचललं नाही. काठी घट्ट धरून उभे राहिले आणि त्यांचं डोकं नको तो हिशेब करू लागलं. काल चौदाशी आला आणि आज तेराशी. घड्याळ मागे पडत असेल तर घड्याळजी रोज थोडं थोडं जुळवून घेत. एकदम काटा फिरवायचा नाही, यंत्राला त्रास होतो, असं ते म्हणायचे.

४

गुरुवारी मामा बारापाशी उभे असताना दोन उत्तरं एकदम आली. एक न्हाव्याचं, "आहे हं!" आणि दुसरं डावीकडच्या भिंतीमागून.

"ऐकलंस?" मामांनी विचारलं.

"काय?" न्हावी मान बाहेर काढून म्हणाला. "हां, अकरात उंदीर झालेत. दोन दिवस टिकटिक चाललीय. टिक टिक, थांबतो. टिक टिक, थांबतो. मी म्हटलं मामांचा चेला दिसतोय."

मामा हसले नाहीत. न्हाव्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. "बसा. रंग उतरलाय तुमचा. दाढी करतो, फुकट. शेवटची दाढी कोणाची करायची ते ठरवायचंच होतं."

मामा बसले. आरशात त्यांना अकराची सामाईक भिंत दिसत होती. न्हावी साबण फिरवत बोलत राहिला, नवीन इमारतीत त्याला दुकान मिळणार का, मिळालं तर तिथे फुंकर मारून केस उडवता येतील का. आणि बोलणं थांबलं की भिंतीतून बारीक आवाज यायचा. लोखंडाच्या पत्र्यावर काहीतरी फार लहान आपटावं, तसा. टिक टिक.

उंदीर दोनपर्यंत मोजत नाहीत, हे मामांना ठाऊक होतं. पण वस्तरा गळ्यावर असताना माणूस मान हलवत नाही.

५

त्या रात्री मामा जेवले नाहीत. बायको म्हणाली, "इमारत पडतेय, तुम्ही नाही. दोन घास खा." लेक म्हणाली, "बाबा, शनिवारी मी येते स्कूटर घेऊन. त्या आकडीला घरी आणायचं असेल ना?" ती बावीस वर्षांची होती, एका दवाखान्यात रक्त तपासायची, आणि तिला अजून दोन ठोके मारल्याशिवाय दार लोटता येत नसे.

मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

बावीस वर्षांपूर्वीचा तो रविवार तिचाच होता. दुपारी मामांच्या बायकोला दवाखान्यात नेलं होतं. मामा सेंटरात थांबले होते, कारण अठरा शटरं कोण पाडणार? घड्याळजी सारखे भिंग काढून बाहेर डोकावायचे. "काय झालं? आली का बातमी? हे बघ, बातमी आली की मला आधी सांगायची. मी थांबलोय. त्याशिवाय घरी जाणार नाही."

साडेसातला फोटोवाल्याच्या फोनवर निरोप आला, की मुलगी झाली. मामा उडालेच. पाव तासात अठरा शटरं पाडली. धडाधड पाडली. एकावरही ठोका मारला नाही. अकराचं शटर तर असंही सैल स्प्रिंगचं, हात लावला की आपणच खाली यायचं. कोयंडा बसला, कुलूप लागलं, मामा जिन्यावरून धावत सुटले.

आणि मंगळवारी शटर उचललं तेव्हा काउंटरवर डोकं ठेवलेले घड्याळजी दिसायच्या आधी मामांना स्टूल दिसलं. गिऱ्हाइकाचं तीन पायांचं स्टूल, ते एरवी काउंटरच्या पलीकडे असायचं. ते शटरला चिकटवून ठेवलं होतं आणि त्याच्यावर घड्याळजींची चिमुकली हातोडी होती. दाढेएवढं डोकं असलेली. तिनं पत्र्यावर मारलं तर खालच्या मजल्यालाही ऐकू जाणार नाही.

लोक जमायच्या आत मामांनी स्टूल जागेवर नेलं आणि हातोडी खणात ठेवली. कदाचित स्टूल रविवारी दुपारपासूनच तिथे असेल. कदाचित ते दुपारी उजेडाला बसले असतील. बावीस वर्षांत मामांनी त्या स्टुलाला शंभर कारणं शोधून दिली होती, त्यातलं एकही रात्रभर टिकत नसे.

६

शुक्रवारी दोन ठोके पडले आणि दुसऱ्या ठोक्याच्या पाठोपाठ उत्तर आलं. एका श्वासाचंही अंतर नव्हतं. वेळ जुळली होती.

शनिवारी दुपारी बाराला खाली पिवळ्या टोपीवाले साहेब, मास्तर आणि आपली खुर्ची उलटी डोक्यावर घेतलेला न्हावी असे उभे होते. साहेबांनी कागद काढला. मामा म्हणाले, "वरची एकदा पाडून येतो."

ऊन सरळ चौकात उतरत होतं. मजूर जेवायला गेले होते. इतकी शांतता होती की मामांना स्वतःच्या चपलांचा राग आला. दहा पाडलं. अकराचं शटर अर्ध्यावर होतं. मामांनी ते अर्ध्यावर ठेवलेलं नव्हतं, पण सैल स्प्रिंग, काय सांगावं. शटराच्या खालून आतली फरशी दिसत होती, आणि फरशीवर, अगदी पुढे, लाकडाचे तीन पाय होते.

मामांनी काठी उचलली. ठोके मारायच्या आधीच आतून दोन ठोके आले. टिक टिक.

आणि मग थांबलं. कोणीतरी थांबलं. उत्तराची वाट बघत थांबतात, तसं.

मामांनी जिन्याकडे पाहिलं. पळून जाता आलं असतं. खाली जाऊन सही करता आली असती आणि सोमवारी मशीननं सगळं उत्तर देऊन टाकलं असतं. पण तीस वर्षांची पद्धत होती. ठोके पडले की उत्तर द्यायचं, मग ठोके कोणीही मारलेले असोत.

"आहे," मामा म्हणाले.

त्यांनी काठी बाहेर भिंतीला टेकवली आणि वाकून आत शिरले. मागे शटर आपणच खाली आलं आणि कोयंडा बसल्याचा आवाज झाला.

७

आत पट्ट्यांच्या फटींतून उन्हाच्या रेषा येत होत्या. स्टूल नव्हतं. ते जिथे दिसलं होतं तिथे धुळीत तीन गोल होते. रुपयाएवढे, स्वच्छ. मामा त्यांच्याशेजारी खाली बसले.

"घड्याळजी," ते म्हणाले, "मी ठोकलं नव्हतं."

उजेडाच्या रेषांत धूळ फिरत होती. पूर्वी काउंटर होतं त्या कोपऱ्यापर्यंत रेषा पोचत नव्हत्या. मामांनी तिकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं हे त्यांना कळत होतं, पण मान वळेना.

"सगळ्यांना सांगितलं ठोकलं म्हणून. मास्तरांनी लिहूनही घेतलंय. पण नव्हतं ठोकलं. स्टूलसुद्धा मीच हलवलं." मामांना रडू येत होतं आणि रडताना त्यांना नेहमी उचकी लागे, ती लागली. "तुम्ही बातमीसाठी थांबला होता. मी ती सांगितलीच नाही. मुलगी झाली, घड्याळजी. मुलगी."

टिकटिक थांबली. मामांना कळलं, की इतका वेळ ती चालू होती.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. कोपऱ्यात कोणीतरी जड शरीरानं उठावं तसं लाकूड कुरकुरलं, एवढंच. आणि मग बाहेरून, मामांच्या ओळखीच्या काठीनं, शटरवर दोन ठोके पडले.

"आहे हं!" मामा ओरडले.

"अजून आहे!" त्यांच्या कानाजवळून आवाज आला.

मग लेकीचा आवाज आला. "बाबा? अंधारात दोघं कशाला बसलायत? खाली सगळे खोळंबलेत."

मामांना बोलायला दोन उचक्या लागल्या. "बाळा, शटर पूर्ण वर घे. पूर्ण. आणि धरून ठेव, त्याची स्प्रिंग सैल आहे. आधी त्यांना बाहेर पडू दे."

लेकीनं विचारलं नाही, की कोणाला. शटर खडखडत वर गेलं, ऊन आत आलं. ती दोन्ही हात वर करून पट्टी धरून उभी होती. मामा बसल्या जागेवरून तिच्याकडेच बघत राहिले, दुसरीकडे कुठेही नाही. तिनं एक पाय मागे घेऊन वाट दिली. मग तिची नजर खाली वळली, एखाद्या बुटक्या माणसाच्या तोंडाकडे वळेल तेवढीच, आणि तिचे ओठ हलले. एकच शब्द. खाली ओढ घेणाऱ्या शटराच्या खडखडाटात मामांना तो ऐकू आला नाही.

मग मामा उठले, बाहेर आले, शटर अर्ध्यावर आणलं आणि दोन ठोके मारले. कधी नव्हे इतका वेळ थांबले. आतून काही आलं नाही. रिकाम्या जागेतून जे नुसतं काहीच नाही येतं, ते मामांनी बावीस वर्षांनी पुन्हा ऐकलं. त्यांनी शटर पाडलं.

८

वरची उरलेली सात पाडून मामा खाली आले, तेव्हा साहेबांनी पेन पुढे केलं. "आत कोणी नाही ना, मामा?"

"आता नाही," मामा म्हणाले. पण पेन घेतलं नाही. ते मास्तरांकडे वळले. "मास्तर, आधी अकरा नंबरचं खोडा. मी ठोके मारले नव्हते. मुलगी झाल्याच्या आनंदात विसरलो, आणि ते आत होते. असंच लिहा."

न्हाव्यानं डोक्यावरची खुर्ची हळूच खाली ठेवली. साहेब टोपीशी चाळा करू लागले. मास्तरांनी वही उघडली. चाळीस वर्षं मुलांच्या चुका लाल शाईनं गोल केलेला माणूस, पण त्यांनी खिशातून निळंच पेन काढलं, पट्टी लावून एक ओळ खोडली आणि तिच्या वर नवी लिहिली. मामांना वाचून दाखवली. मामांनी मान हलवली आणि मग कागदावर सही केली. सही थोडी तिरकी आली.

स्कूटरवर मामा लेकीच्या मागे बसले, काठी बाजूला भाल्यासारखी धरून. गल्लीच्या टोकाशी स्कूटर वळली.

"मघाशी शटर धरून काय पुटपुटलीस?" मामांनी विचारलं.

"बावीस म्हटलं," लेक म्हणाली आणि तिनं हॉर्न वाजवला. "वय विचारलं ना त्यांनी."